पत्त्यापुरतं बेळगाव : प्रकल्प नोंदी

रविवार, २५ मे २०२५

प्रकल्प म्हणायला जरा लाजच वाटते, खरं मामानं वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात तेच लिहून टाकलंय, म्हणून राहू दे. मामा म्हणजे नात्यातला मामा नव्हे. शाळेपासूनचा मित्र, आख्खी गल्ली त्याला मामा म्हणते, बायको चिडली की तीसुद्धा.

झालं असं की पुण्याचा आत्तेभाऊ बायकोला घेऊन गोव्याला जाता जाता दोन दिवस आमच्याकडं उतरला. सकाळी चहा पिताना म्हणाला, बेळगावात बघायला काय आहे रे? मी म्हटलं कुंदा. तो म्हणाला अरे तो खायचा, बघायचं काय? मी मामाकडं बघितलं, मामानं बशीकडं बघितलं. शेवटी दोघांना मॉलमध्ये फिरवून आणलं. पुण्याच्या माणसाला बेळगावात मॉल दाखवला, म्हणजे आमची अक्कल बघा. वर जाताना वहिनी हसत म्हणाली, तुम्ही लोक सारखं "खरं, खरं" का म्हणता, खोटं कोण बोलतंय? आता तिला काय सांगायचं, की हितं "पण"ला "खरं" म्हणतात. मी येणार होतो खरं पाऊस आला. इतकं साधं.

ते गेल्यावर रात्री कट्ट्यावर बसून हिशोब केला. किल्ला आतून नीट बघितलाय काय? नाही. काँग्रेस विहीर? बाहेरून. कपिलेश्वर? पूल उतरला की डावीकडं, एवढं माहीत. म्हणजे ही सगळी ठिकाणं आम्हाला तोंडपाठ आहेत ती पत्ता सांगण्यापुरती. किल्ल्यापासून पुढं, विहिरीच्या समोर, देवळाच्या मागं. जन्म गेला आणि आत कोण गेलं नाही.

तर नियम असा ठरला की दर रविवारी सकाळी एक जागा बघायची आणि एक ठिकाणी खायचं, माणशी दोनशेच्या वर खर्च करायचा नाही, शहर आणि शिवार सोडून लांब जायचं नाही, आणि घरी आल्याबरोबर वही लिहायची. वही माझ्याकडं, कारण मी उद्यमबागेत फाउंड्रीच्या ऑफिसात नोंदीच करतो, आणि मामाचं अक्षर मामालाच वाचता येत नाही. पुढच्या खेपेला भाऊ आला की वही त्याच्या हातात द्यायची.

रविवार, १ जून

किल्ला. साडेसहाला निघायचं ठरलं होतं, निघालो आठला. सीबीटीच्या, म्हणजे मुख्य बसस्टँडच्या, पुढं किल्ल्याचा तलाव, तिथं तो ११० मीटर उंचीचा झेंड्याचा खांब, आणि जवळच किल्ला. आमचा किल्ला भुईकोट आहे, डोंगराबिंगरावर नाही, म्हणून बहुतेक कोणाला तो किल्ला वाटतच नाही. भोवतीनं खंदक आहे खरं, रस्त्यावरून जाताना झाडीमुळं खड्ड्यासारखा दिसतो. दाराशी गणपती आणि दुर्गादेवी. आत मिलिटरीची वस्ती आहे, तर मोबाईल उगी इकडंतिकडं फिरवायचा नाही.

कमल बस्तीवर अख्खा तास गेला. मला इतकी वर्षं वाटायचं बस्ती म्हणजे वस्ती, कमल नावाच्या बाईनं वसवलेली असेल. ती बसदी आहे, जैन देऊळ, बसदीचं बोलता बोलता बस्ती. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज, त्यानं हे १२०४ मध्ये बांधलं. म्हणजे आठशे वर्षं उलटून गेली आणि आम्ही तिथून स्कूटरवर शेंगा खात जातोय. गाभाऱ्यात नेमिनाथाची काळ्या दगडातली मूर्ती, आणि मंडपात मान वर केली की छताला उलटं कमळ. नुसतं कोरलेलं नाही, खाली लोंबतंय, पाकळ्यांचे एकात एक थर. मान दुखायला लागली म्हणून मामा सरळ फरशीवर उताणा पडला आणि पाकळ्या मोजायला लागला. रखवालदार कानडीत ओरडला, झोपायला आलाय काय. मामा पडल्या पडल्या कानडीत म्हणाला, मोजतोय. रखवालदार जवळ आला, राग गेला त्याचा. म्हणाला मोजू नको, बहात्तर आहेत, मागचे चोवीस तीर्थंकर, आत्ताचे चोवीस आणि पुढं होणार ते चोवीस. मामाची गाडी साठपर्यंत आली होती. नंतर बाहेर आल्यावर मला म्हणतो, "पुढं होणाऱ्यांची नावं आधीच लिहून ठेवल्यात गा, आणि आमच्या वॉर्डात अजून लाईन टाकायची कोण ते ठरंना."

शेजारी चिक्की बस्ती, आता नुसते अवशेष. चिक्क म्हणजे लहान, एवढं कानडी मला येतं. सफा मशीद बाहेरूनच बघितली, ती असद खान लारीची, आदिलशाहीच्या काळातली. एका किल्ल्यात जैन बसदी, मशीद, दारात दुर्गा, मध्ये रामकृष्ण आश्रम आणि सगळ्याभोवती मिलिटरी.

खाणं: कॅम्पात पुरी-भाजी. पुऱ्या चांगल्या, भाजी बटाट्याची पिवळी, जास्त पातळ. दोघांत ११० रुपये.

रविवार, ८ जून

पाऊस. रद्द. मामाच्या घरी कांदाभजी. खर्च शून्य, उलट वहिनीनं डब्यात घालून दिली.

रविवार, १५ जून

काँग्रेस रोड. रोज ह्याच रस्त्यानं उद्यमबागेला जातो. रेल्वेची गेटं मोजत जातो, पहिलं, दुसरं, तिसरं, कुठलं पडलंय ते बघून लेट होणार की नाही कळतं. रस्त्याचं नाव काँग्रेस का, हे डोक्यात कधी आलं नाही. मला वाटायचं पार्टीचं ऑफिस असेल.

डिसेंबर १९२४ मध्ये हितं काँग्रेसचं ३९ वं अधिवेशन भरलं आणि अध्यक्ष गांधीजी. एवढ्या आयुष्यात गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष एकाच अधिवेशनाला झाले आणि ते आमचं. गेल्या डिसेंबरात त्याला शंभर वर्षं झाली म्हणून गावभर लायटिंग केलेलं, ते बघायला आम्ही पोरांना घेऊन गेलेलो, आईस्क्रीम खाल्लं, फोटो काढले, परत आलो. विहिरीजवळ कोण गेलं नाही.

तर विहीर. एवढी माणसं येणार तर पाणी कुठलं, म्हणून अधिवेशनासाठी खणलेली. तेव्हाचा खर्च ४,३७० रुपये. पंपा सरोवर असं भारी नाव होतं तिला आणि अधिवेशनाच्या जागेला विजयनगर. आता गोल, बांधीव, भोवती बाग केल्या. आत डोकावलं तर पाणी हिरवट, पावसाचे थेंब पडून बारीक बारीक गोल उठत होते. मामा बराच वेळ वाकून बघत होता. मी म्हटलं काय बघायलास, तर म्हणाला आजोबा सांगायचे, त्यांचे वडील बैलगाडीनं आलेले गांधी बघायला आणि गर्दीत गांधी दिसलेच नाहीत, पाणी पिऊन परत गेले. हे मामानं चाळीस वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं कधी बोलला नाहीस. म्हणाला, "कोण विचारलंय?"

वीरसौध, म्हणजे अधिवेशनाचं स्मारक, शेजारीच, फोटो आहेत बरेच. अधिवेशन ओढून बेळगावात आणणारे गंगाधरराव देशपांडे, हुदलीचे, कर्नाटक सिंह म्हणायचे त्यांना. तेच टिळकांचेसुद्धा माणूस. टिळकांनी होमरूल लीग काढली ती १९१६ ला बेळगावातच. आणि गंगूबाई हनगल, तेव्हा अकराएक वर्षांची पोरगी, ती ह्या अधिवेशनात गायली होती. टिळक पुण्याचे, गांधी गुजरातचे, गंगूबाई धारवाडकडच्या, सगळे हितं येऊन गेले आणि आम्हाला गेट पडलंय की उघडं एवढंच माहीत.

खाणं: टिळकवाडीत इडली-वडा. ह्याच्यावर जरा लिहिलंच पाहिजे. बेळगावात इडली-वडा दोन प्रकारचा मिळतो, सांबार वाटीत देणारे आणि सांबारात बुडवून देणारे. आम्ही बुडव्या पार्टीचे. वडा वरून करकरीत असताना त्याच्यावर सांबार ओततात आणि मग ती दोन-तीन मिनिटं असतात, वरचं कवच मऊ व्हायला लागलंय खरं आत अजून दम आहे, तेवढ्यात खायचा. मामा बोलत बसला आणि त्याचा वडा पाव झाला. सांबार किंचित गोड, गुळाचं, ते आम्हाला चालतं. दोघांत चहासकट १६०.

रविवार, २२ जून

कुंदा. मामा म्हणाला हे काय बघायचं, लहानपणापासून खातोय. मी म्हटलं, करताना बघितलास काय? नाही.

बेळगावात कुंद्याच्या दुकानांवर पुरोहित नावाच्या पाट्या बऱ्याच. मूळ मारवाडकडची माणसं. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, कोणी जक्कू मारवाडी म्हणून होता, त्यानं दूध चुलीवर ठेवलं आणि विसरला, परत आला तर आटून रवाळ गोळा झालेला, त्यात खवा का काय घातला आणि झाला कुंदा. खरं-खोटं देव जाणे, बेळगावात प्रत्येक चांगल्या गोष्टीच्या मागं कोणतरी काहीतरी विसरलेलं असतं.

ओळखीच्या ओळखीनं एका दुकानाच्या मागच्या भटारखान्यात उभं राहायला मिळालं. मोठी कढई, दोन हातांनी धरायचं उलथनं, आणि उलथणाऱ्या माणसाला बोलायला सवड नाही. दूध आटत आलं की दही घालतात, मग ते फुटतं आणि दाणा धरतो. कुंद्याचा रवाळपणा तिथनं येतो, रव्यातनं नाही, मला आजपर्यंत रवाच वाटायचा. साखर जळायच्या अलीकडं आणून तांबूस करून घातली की रंग. रंग बघून तो माणूस आच कमी करायचा, घड्याळ नाही काही नाही. एकदा कडेला चिकटलं तर त्यानं उलथन्याच्या कोपऱ्यानं इतक्या अलगद सोडवलं, आई बाळाच्या गालावरचं वरण पुसते तसं. विचारलं, किती वेळ लागतो? म्हणाला, होईपर्यंत.

गरम कुंदा पानावर दिला चाखायला. डब्यातला कुंदा आणि हा, दोघांचं नाव एकच असणं बरोबर नाही एवढंच लिहितो.

येताना किर्लोस्कर रोडनं आलो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं ते १८८८ ला ह्याच गावात, मग नांगर, मग १९१० ला गेले ते किर्लोस्करवाडीला. आमच्या फाउंड्रीत रोज ओतकाम बघतो, खरं गावात ह्याची सुरुवात सायकलीनं झाली हे मला ऑफिसातल्या कोणी सांगितलं नाही. मीसुद्धा कोणाला विचारलं नाही म्हणा.

रविवार, २९ जून

शहापूर, वडगाव. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं. बेळगाव इंग्रजांचं आणि शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं, मधे चालत जायचं अंतर. आमची आजी शेवटपर्यंत "बेळगावास जाऊन येते" म्हणायची, राहायची शहापुरात.

एका विणकराच्या घरी गेलो, मामाच्या दुकानात झेरॉक्स काढायला येतात त्यांच्याकडं. गल्लीत शिरल्यापासूनच खटक-खटक सुरू, प्रत्येक घरातनं वेगळ्या तालात. यंत्रमाग दोन, बाहेरच्या खोलीत, माणसं आतल्या खोलीत. आवाजात काय बोलतात ऐकू येईना म्हणून घरातली माणसं ओठ वाचून बोलतात, सून सासऱ्याला चहा ठेवू काय विचारते तेसुद्धा लांबूनच हातानं. एक धागा तुटला तर माग थांबला, काकांनी चष्मा वर केला, शेकडो धाग्यांतला तो एक बरोबर काढला, जिभेला लावला, गाठ मारली, चालू. पाच सेकंद. मी समोर असून कुठला धागा ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही. एका साडीत किती सुटतं हे विचारलं, काका हसले आणि विषय पावसावर नेला.

खाणं: गिरमिट आणि मिरची भजी. पुण्याच्या भावासाठी खुलासा, गिरमिट म्हणजे भेळ नव्हे. चुरमुऱ्याला शिजवलेला कांदा-टोमॅटोचा मसाला लावतात, चिंच-गूळ असतं, वरनं पुटाण्याचं पीठ, कच्चा कांदा, कोथिंबीर. वाढल्याबरोबर खायचं. मिरची भजी लांब, आतली मिरची पोपटी, पाचातली एक तिखट निघते आणि ती नेहमी मामाला लागते. दोघांत ९० रुपये, आतापर्यंत सगळ्यात स्वस्त आणि मी म्हणतो सगळ्यात भारी. मामाचं मत वेगळं, त्याच्या डोळ्यात पाणी होतं.

रविवार, ६ जुलै

मामानं आठवडाभर मटणाच्या खानावळीचा बेत केला होता. सकाळी घरातनं फोन, आज आषाढी एकादशी. वहीत प्लॅन लिहिणारा मी, कॅलेंडर बघणारा कोण नाही. मामाच्या आईनं जे ऐकवलं ते हितं लिहीत नाही.

मग रिसालदार गल्ली. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ ला कोल्हापूरहून बेळगावात आले, तेव्हा शिकागो-बिकागो व्हायचं होतं, त्यांना कोण ओळखत नव्हतं. उतरले भाटे वकिलांच्या घरी, नंतर हरिपद मित्र म्हणून फॉरेस्टमधले बंगाली ऑफिसर होते त्यांच्याकडं. भाट्यांच्या मुलानं पुढं आठवण लिहून ठेवल्या. जेवण झाल्यावर ह्या संन्याशानं विडा मागितला, वर तंबाखूसुद्धा, आणि घरातली माणसं चाट पडली. आणि तो मुलगा अष्टाध्यायी, म्हणजे पाणिनीचं संस्कृत व्याकरण, पाठ करत होता, तर स्वामींना त्याच्यापेक्षा जास्त पाठ. मला ही तंबाखूची गोष्ट फार आवडली. घरात आलेल्या साधूनं तंबाखू मागितल्यावर बायकांनी आतनं एकमेकींकडं कसं बघितलं असेल ते मला दिसतंय, कारण आमच्या घरात अजून तसंच बघतात.

खाणं: शाबूवडा आणि दही. उपवासाला म्हणून तीन-तीन वडे, मामाच्या आईला दोन सांगितले.

दुपारी मात्र मांडे बघितले, खाल्ले नाहीत. ओळखीच्या काकू लग्नाच्या ऑर्डरीचे मांडे करतात. पुरणपोळीसारखाच गोळा, आत पिठीसाखर, तूप, खसखस. खरं लाटणं फक्त सुरुवातीला. मग पोळी दोन्ही हातांच्या पालथ्या मुठींवर घ्यायची आणि फिरवत फिरवत वाढवायची, ती मनगटापर्यंत येते, मग कोपरापर्यंत, एवढी पातळ की काकूंच्या बांगड्या आरपार दिसायल्या. मग पालथ्या खापरावर टाकायची. मऊ आहे तोपर्यंत घडी घातली तर घातली, नाहीतर पुढच्या क्षणाला कडक, हात लावला की चुरा. म्हणूनच मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर मिळेना तेव्हा ज्ञानोबांनी पाठ तापवून दिली, ती गोष्ट आज मला नव्यानं कळली. एवढ्या मोठ्या मांड्याला दुसरं काय पुरणार. काकूंनी देऊ केला, आज चालत नाही म्हटलं. आम्ही दोघं मनातले मांडे खात घरी.

रविवार, १३ जुलै

राजहंसगड, येळ्ळूरचा. निघाल्यावर अर्ध्या वाटेत पंक्चर. पंक्चरवाल्यानं एकाच्या जागी तीन भोकं दाखवली आणि तिन्हीचे पैसे घेतले, पाण्यात बुडवून बुडबुडे दाखवत होता खरं मला दोनच दिसले. मामा म्हणतो तीन होते. असो, १५० रुपये, हे खाण्याच्या बजेटात धरायचे नाहीत असं ठरलं.

वर गेलो तर धुकं. बुरूज नाही, बेळगाव नाही, पुढचा माणूस नाही. महाराजांचा नवा पुतळा आहे २०२३ चा, एवढा प्रचंड, त्याच्या चौथऱ्याला हात लावून उभे होतो आणि वर बघितलं तर काही नाही, पांढरं. मग वारा आला, तलवारीचा हात दिसला, परत गेला. सिद्धेश्वराच्या देवळात जरा टेकलो, कपडे पिळले.

उतरताना खाली ढग फाटला आणि येळ्ळूरचं शिवार दिसलं, सगळीकडं पाणी भरलेलं, भाताची रोपं लावायची गडबड, बायका ओळीत वाकलेल्या, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. बेळगावी बासमती म्हणतात तो ह्याच पट्ट्यातला. पूर्वी कोणाच्या घरी भात शिजला की शेजाऱ्याला कळायचं, असं घरोघरी सांगतात. शेतातल्या एका आजींनी हाक मारली, "काय गा, गड दिसला काय?" मामा म्हणाला, नाही आजी. "मग उगी गेलासा," म्हणून त्या परत रोप लावायला.

खाणं: भाजलेलं कणीस, लिंबू-मीठ-तिखट. ओल्या अंगानं निखाऱ्याजवळ उभं राहून. ४० रुपये. ह्याला हॉटेलचे मार्क कसे द्यायचे?

रविवार, २० जुलै

मटण. श्रावण पुढच्या शुक्रवारी, म्हणजे हा शेवटचा रविवार, म्हणजे गाव सगळं रस्त्यावर. खानावळीत पाऊण तास बाहेर उभे. खानावळवाल्या मावशींना मी मराठीत विचारतोय, त्या कानडीत सांगतायत, मागचा माणूस उर्दूत घाई करतोय, आणि पोरगा टेबल पुसत तिघांना तीन भाषेत "बसा" म्हणतोय. बोर्डावर २०१४ पासून बेळगावी, तोंडात ज्याच्या त्याच्या सवयीनं. मी त्याच्यावर आणखी काही लिहिणार नाही, मटण गार होईल.

ज्वारीची भाकरी तव्यावरनं थेट ताटात, पापुद्रा फुगलेला, बोटानं फोडला की वाफ. तांबडा रस्सा आमचा कोल्हापूरपेक्षा जरा सौम्य, खोबरं भाजलेलं जास्त कळतं. सोबत शेंगाची चटणी, कांदा, आणि कारण नसताना भरली वांगी, त्यांना हितं एणगाई म्हणतात. मावशी भाकरी घेऊन फिरतायत, "इन्नू बेका?", म्हणजे आणखी पाहिजे काय? मामा "साकु साकु", पुरे पुरे, म्हणतो आणि ताट पुढं करतो. चार भाकरी. बजेट गेलं, दोघांत ६२०, वहीत लाल पेनानं लिहिलं. मामाचं म्हणणं एकादशीचं उरलेलं धरून हिशोब बरोबर बसतो.

रविवार, २७ जुलै

नियम मोडला. मामाच्या मेव्हण्याची गाडी रिकामी होती म्हणून गोकाक. साठेक किलोमीटर. घटप्रभा भरलेली, ५२ मीटरवरनं तांबडं पाणी घोड्याच्या नालासारखं वळून पडतंय. बोलून उपयोग नाही, ओरडावं लागतं, विणकरांच्या घरासारखं. झुलता पूल लांबनं बघितला. ह्याच पाण्यावर १८८७ मध्ये वीज केली होती, गिरणीसाठी. मामा म्हणाला आणि आमच्या गल्लीत अजून दुपारी जाते.

करदंट घेतलं, अर्धा किलो. करिद म्हणजे तळलेला, अंटु म्हणजे डिंक, नावातच रेसिपी. गूळ, डिंक, सुका मेवा, दातांना काम. छान आहे, खरं आमच्या गावचं नव्हे, म्हणून मार्क नाहीत.

सोमवार, ११ ऑगस्ट

मधले दोन रविवार गेले, एकदा माझं ऑफिस, एकदा मामाचा ताप. आज श्रावणी सोमवार म्हणून पहाटे कपिलेश्वर. दक्षिण काशी म्हणतात. रांग बाहेरपर्यंत, बेलाची पानं विकणाऱ्या बायका, पायाखाली चिखल आणि फुलं. आत गार, दिव्याचा धूर, पिंडीवर पाण्याची धार, दोन सेकंद मिळाले. बाहेर तलाव. पंधरा दिवसांनी गणपती, म्हणजे विसर्जनाला परत हितंच. आजपर्यंत ह्या तलावाला आम्ही फक्त रात्री, गर्दीत, घसा बसलेला असताना बघितलंय. सकाळी तो एवढा शांत असतो हे माहीतच नव्हतं.

भावाचा फोन आलेला, गणपतीत येतोय. मामा खूष, वही झेरॉक्स करून बाइंडिंग करणार म्हणतो, स्वतःच्याच दुकानात, त्याचं बिल मात्र मला. राहिलेलं: सार्वजनिक वाचनालय, हलशीचं भूवराह नरसिंह देऊळ, काकूंचे मांडे खाऊन बघणे.

चहाला पुलाखालच्या टपरीवर थांबलो तर एक गृहस्थ स्कूटर थांबवून म्हणाले, इथं मेडिकल कुठं आहे हो? मामानं चहा खाली ठेवला. म्हणाला हे बघा, हे कपिलेश्वर, ह्याला दक्षिण काशी म्हणतात, हा मागं तलाव, आणि तुम्ही ज्या शहापूरच्या बाजूनं आलाय ना, ते पूर्वी सांगली संस्थान... माणसानं स्कूटर बंद केली, सगळं ऐकून घेतलं, मान हलवली.

"ते सगळं खरं," तो म्हणाला, "खरं मेडिकल कुठं?"